पंधराच्या आत

आधार कार्डावर भारतीला अठरा पूर्ण होती आणि फुटबॉल अकादमीत निवड होती पंधराच्या आतल्या मुलींची. आज शेवटचा दिवस.

“ही चूक आपल्याकडंच हुती बघा, कडूबाई,” सावेडीतल्या एक्स-रेच्या दवाखान्यात बाकावर बसून बन्सी पोरीच्या आईला म्हणाला. “लेकरू जन्मतं उसाच्या फडात. नोंद कुनी करीत न्हाई. मग कार्डवाला इचारतो, वय किती? बाप सांगंल ते खरं. माझी तारीख तर मास्तरांनीच ठरवली. एक जून. वरीसभर कमी धरलं, म्हनून ज्युनिअर संघात बसलो. भलं हुवो त्यांचं!”

कडूबाई पाथर्डीहून श्रीगोंद्याला ऊसतोडीला आलेली बाई. नवऱ्याला पोटदुखी सांगून आज लेकीला घेऊन निघाली होती.

बन्सीला तरी कोण ओळखतं? दहा वर्षं मैदानाच्या डाव्या बगलेला पळाला. पेपरात नाव एकदाच आलं, तेही दुसऱ्याच्या फोटोखाली. मग एका कारखान्याचा संघ सांभाळला. चेअरमन बदलला आणि मैदानात उसाच्या गाड्या उभ्या राहिल्या. आता पुण्याच्या अकादमीसाठी खेळाडू हेरत फिरतो. रडायचं म्हटलं तर कारणं ढीगभर. पण अनवाणी पोराला फुटबॉलनं बूट दिले, भाकरी दिली, ज्यांनी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही त्यांना ‘सर’ म्हणायला लावलं. ते उपकार फेडायचे होते. आणि तोडलेल्या फडातल्या बुडख्यांतून चेंडू डाव्या पायाला चिकटवून पळणारी भारती त्याला दिसली होती.

“सर, हाडं खोटं बोलली तर?” भारतीनं मनगट चोळत विचारलं.

“हाडं कुनाच्या बापाचं ऐकत न्हाईत.”

कडूबाई पहिल्यांदाच हसली.

डॉक्टरांनी मनगटाच्या एक्स-रेवरून वय लिहिलेला कागद दिला. चौदा, फार तर साडेचौदा. बन्सीनं फोटो काढून अकादमीला धाडला. पाच मिनिटांत उत्तर आलं: घेतली.

कडूबाई वाकली ती थेट त्याच्या पायांवर.

“अवो, माझ्या काय पाया पडताय! पोरीच्या डाव्या पायाचं देनं हाय ते. सोमवारी पुण्याला आना तिला.”

“ह्याच्यावर डाक्टरचा शिक्का हाय ना, सर?”

“हाय की. का?”

तिनं कागद घडी घालून छातीशी धरला.

“तुमचे उपकार जल्मात फिटायचे न्हाईत. आता पोलीस ठान्याला कोन्ची रिक्षा जाती, तेवढं सांगा. चूक न्हाई ती, सर. बापानं मुद्दाम वाढवलंय वय. उद्या हळद हाय हिची.”