बंद वॉर्डातला मॉनिटर

हॉस्पिटलच्या नेटवर्कवर कोणकोणती यंत्रं जोडलेली आहेत, हे शोधणारी दोन सॉफ्टवेअर्स घेऊन इंजिनीअरबाई सकाळपासून ती ताडून बघत होत्या. त्यातलं एक विकत घ्यायचं होतं. दोन्हींनी सगळं सारखंच दाखवलं. फक्त दुसऱ्याला मुलांच्या बंद केलेल्या वॉर्डात एक मॉनिटर चालू सापडला. "तिथे कुणी जात नाही, मॅडम," वॉचमन म्हणाला आणि जिन्यातच थांबला. बाईंनी दार ढकललं. गाद्या गुंडाळलेल्या, खिडक्या झाकलेल्या आणि कोपऱ्यातल्या खाटेपाशी हिरवा उजेड. खाटेवर वरच्या मजल्यावरच्या सिस्टर बसल्या होत्या. मॉनिटरची नाडी मोजणारी क्लिप त्यांनी स्वतःच्याच बोटाला लावली होती. "माझी मुलगी इथेच गेली," त्या वळून न बघता म्हणाल्या. "मशीनमधून तिचं नाव काढायचं राहूनच गेलं. मी बोट लावलं, की तिच्या नावाखाली ठोके सुरू होतात. जेवणाच्या सुट्टीत येते. तेवढंच." बाई स्क्रीनकडे बघत राहिल्या. मुलीचं नाव, वय सहा आणि खाली संथ चालणारी रेघ. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "झालं का? कुठलं घ्यायचं?" मॉनिटरचं कळलं, तर संध्याकाळपर्यंत साहेब तो उचलून न्यायला लावतील, हे दोघींनाही ठाऊक होतं. सिस्टरनी डोळे घट्ट मिटून घेतले. स्क्रीनवरचे ठोके भराभर वाढत गेले. "पहिलंच घेऊ, सर," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याला नको ते दिसतं."