नाव-पत्त्यासकट

नवऱ्याच्या माराला भिऊन संयोगिता तासगाव सोडून मिरजेला आली. खोली कुठं घेतलीय, ते फक्त तिच्या वडलांना, आबांना ठाऊक होतं. तिचे फोटो लावून कुणीतरी घाणेरडी वेबसाइट काढली, तेव्हा ती वेबसाइट आपल्या सर्व्हरवर चालवणाऱ्या होस्टिंग कंपनीकडं तिनं तक्रार लिहायला घेतली. पत्त्यापाशी हात अडला.

"निनावी अर्ज कुणी वाचत न्हाई, पोरी," फौजेतनं रिटायर झालेले आबा फोनवर म्हणाले. "समदं नीट लिही."

तिनं खोली नंबरसुद्धा लिहिला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "नियमानुसार आपली तक्रार जशीच्या तशी वेबसाइटच्या मालकाला पाठवली आहे."

संध्याकाळी दार वाजलं. बाहेर नवऱ्याचा आवाज होता.



"उघड की गं. तूच पत्ता धाडलास न्हवं?"