ऐसपैस

"बॅटरी-बिटरी राहू दे रे, खोली मोठी दिसेल असा कॅमेरा दाखव!" बंगळुरूतला घरांचा एजंट लोकेश दुकानात वैतागला. फोटोत घर कोंदट दिसलं की गिऱ्हाईक बघायलाही यायचं नाही. दोन महिन्यांत त्याच्या हातून एकही घर गेलं नव्हतं.

नवा फोन घेऊन घरी येताच त्याने आपल्याच भाड्याच्या दोन खोल्यांवर तो चालवून पाहिला.

"अगंबाई! हे आपलं घर?" त्याच्या बायकोला, सुधामणीला खरंच वाटेना. लोकेशने खुशीत फोटो स्टेटसला लावला.

सकाळी घरमालक नंजुंडप्पांचा फोन आला. "लोकेशा, झकास फोटो! यावर दुप्पट भाड्याचं गिऱ्हाईक आण, तुझी दलाली तुला देतो."



मग नंजुंडप्पा म्हणाले, "महिनाअखेरीस तेवढ्या खोल्या मोकळ्या कर."