पावणेचारचा गॅलन

"बाबा, गॅलन दोन तऱ्हेचे असतात. हे चौकशीत कुणीच कसं नाय बोललं?" मेघालीनं विचारलं.

कुंभवलीच्या घराच्या ओटीवर आत्माराम वालाच्या शेंगा सोलत होते. "मला काय ठावं," म्हणाले, आणि सोलत राहिले.

तारापूरच्या ज्या रसायनांच्या कारखान्यात ते ऑपरेटर होते, तिथला रिअॅक्टर दोन वर्षांपूर्वी तापून उसळला. मदतनीस बुधाचे दोन्ही हात भाजले. थंड पाणी कमी सोडल्याचा ठपका ठेवून आत्मारामांना काढून टाकलं. त्यांनी ब्र काढला नाही. तेव्हापासून ते बाजारातही जात नसत.

मेघाली पालघरला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. फेरचौकशीसाठी तिनं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. आता तिच्या हाती धागा लागला होता.

रिअॅक्टरला मिनिटाला साडेचारशे लिटर पाणी लागायचं. नवा मीटर अमेरिकेहून आलेला, गॅलन दाखवणारा. एक गॅलन म्हणजे साडेचार लिटर, असं धरून आत्मारामांनी काटा शंभरावर ठेवला. पण साडेचार लिटरचा गॅलन इंग्लंडचा. अमेरिकेचा जेमतेम पावणेचारचा. दर मिनिटाला सत्तर लिटर पाणी कमी जात होतं.

"साडेचार हा आकडा तुम्हाला दिला कोणी?"

"आठवत नाय. राहू दे ना पोरी. माझं आता काय उरलंय?"

"तुमचं नाव उरलंय," मेघाली म्हणाली.

तिच्या नवऱ्याला, धीरजला, आत्मारामांनी त्याच कारखान्यात पारखून जावई करून घेतलं होतं. अपघातानंतर तो बोईसरच्या दुसऱ्या कंपनीत लागला होता. त्यानं तिला कधी अडवलं नाही. "बाबांना त्रास होतो गं," एवढंच अधूनमधून म्हणायचा.

मेघाली डोंगरातल्या पाड्यावर बुधाकडे गेली. तो आखडलेली बोटं मांडीवर ठेवून ऐकत राहिला.

"आत्मारामदादा बोललेत, तोंड उघडू नको."

"ते भिडस्त आहेत. तू तिथं होतास, बुधा. बाबांना कुणी आकडा सांगताना तू ऐकलं असशील."

"ऐकला."

"मग साहेबांसमोर सांग."

बुधानं तिच्याकडे पाहिलं. "ताय, खरंच सांगू?"

"माझी शपथ आहे तुला."

सुनावणीला धीरजनंच सगळ्यांना गाडीतून पालघरला नेलं. अधिकाऱ्यानं मेघालीचा हिशोब स्वतः करून पाहिला आणि मान हलवली.

"बरोबर आहे. पाणी त्यामुळंच कमी पडलं. पण हा साडेचार आला कुठून?"

आत्माराम उठले. "मीच धरला साहेब. कोणी नाय सांगितला."

"बाबा, बसा तुम्ही." मेघालीनं त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. "साहेब, बुधाला विचारा."

अधिकाऱ्यानं बुधाला पुढं बोलावलं. "घाबरू नकोस. आत्मारामना तो आकडा कोणी दिला?"

बुधानं आधी आत्मारामांकडे पाहिलं. मग मेघालीकडे. ती त्याला धीर द्यायला हसली.

"जावयांनी दिला साहेब," बुधा म्हणाला. "ते काय, तायच्या बाजूला बसलेत."