समितीसाठी फवारणी

मटाराच्या वाफ्यात पाऊल टाकलं आणि तिच्या नाकात तो वास शिरला. उग्र, थेट डोक्यात जाणारा. ती जागच्या जागी थांबली. मग खाली वाकून तिने एक पान उलटं करून पाहिलं. मावा, ती रस शोषणारी बारीक कीड, नव्हता. दुसरं पान, तिसरं पान. कुठेच नव्हता. जमिनीवर मात्र काळ्या ठिपक्यांचे लाल भुंगे उताणे पडले होते. काहींचे पाय अजून हलत होते.

"कोणी फवारलं इथे?" ती ओरडली.

विद्यापीठाचा माळी नळापाशी पंप धूत होता. तो दचकला. "सरांनी सांगितलं, मॅडम. काल सुट्टी असून खास बोलावून घेतलं. म्हणाले, उद्या समिती येतेय आणि झाडांवर ही घाण."

घाण! आता या माणसाला म्हणावं तरी काय? अख्खा प्रयोग त्या घाणीवर उभा होता. मावा थोडा राहू द्यायचा, म्हणजे त्याला खाणारे भुंगे येतात, टिकतात, वाढतात, आणि औषधाचा एक थेंब न मारता पीक हाती लागतं. कित्येक हंगाम ती तो मावा जिवापाड जपत आली होती. लोक हसायचे, हसू दे म्हणायची. आज समिती हेच बघायला येणार होती. पसंत पडलं तर बीजनिधी, म्हणजे काम पुढे न्यायला विद्यापीठाकडून पहिला पैसा. नाही पडलं तर वाफा मोडणार आणि तिची कंत्राटी नोकरीही जाणार. आणि विभागप्रमुख म्हणून ज्या गृहस्थाने या प्रयोगाच्या अर्जावर सही केली, त्यानेच मावा मारून ठेवला. अर्ज वाचून सही केली असेल, असं समजू या. समजायला काय जातंय!

विभागप्रमुख आले ते कडक इस्त्रीत, हसत हसत. "बघा, कसं लख्ख झालंय!"

"सर, तुम्ही माझे भुंगे मारलेत."

"अहो, भुंग्यांचं काय घेऊन बसलात? आणू की दुसरे."

"शेंगांवर विष आहे, सर."

"हळू बोला." त्यांचं हसू मावळलं. "एकदाच तर मारलंय. कोणाला कळतंय? पैसा पदरात पडू दे, मग पाळा हवे तेवढे किडे. का घरी बसायचंय?"

तोंडाशी आलेली शिवी तिने गिळली. घरी बसायचं नव्हतं तिला. त्याच गोष्टीचा तिला भयंकर संताप आला, त्यांचा आणि स्वतःचाही.

समिती आली. अध्यक्षबाई सगळ्यांच्या पुढे, पायात चिखलाने माखलेले बूट, मागे दोघे सदस्य. विभागप्रमुख बोलत सुटले. मातीशी नातं काय, निसर्गाशी संवाद काय! संवाद चालला होता आणि त्यांचे बूट मेलेल्या भुंग्यांवरून करकरत चालले होते. माळी कधीच तिथून सटकला होता, आणि उन्हाने वासही एव्हाना विरला होता.

"एक किडा सापडणार नाही तुम्हाला," विभागप्रमुख छाती फुगवून म्हणाले.

अध्यक्षबाई थबकल्या. तिच्याकडे वळून म्हणाल्या, "एकही नाही? मग तुमचे भुंगे खातात काय?"

विभागप्रमुखांनी तिच्याकडे डोळे वटारले.

"सध्या... मावा आटोक्यात आलाय," ती म्हणाली. बोलताना तिला स्वतःची शिसारी आली.

"वा! म्हणजे भुंग्यांनी काम चोख केलं म्हणायचं." बाई खूश झाल्या. सदस्यांकडे बघून म्हणाल्या, "माझ्या मते तरी यांना द्यायला हरकत नाही." सदस्यांनी माना डोलावल्या. विभागप्रमुखांनी तर हातच जोडले.

झालं. मिळालं. वाफा राहिला, नोकरी राहिली. आता फक्त गप्प बसायचं होतं.

बाईंनी वेलावरची एक कोवळी शेंग तोडली. "लहानपणी आम्ही अशाच ओरबाडून खायचो, सालासकट. आता धुतल्याशिवाय काही तोंडात घालायची हिंमत होत नाही. निदान तुमच्या वाफ्यात तरी..." आणि त्यांनी शेंग तोंडाजवळ नेली.

तिने बाईंचं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं.

सगळे बघतच राहिले. बाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. आत्ताच जिच्या कामाला हो म्हटलं, तीच आपला हात धरते, म्हणजे काय!

"अहो, हे काय चाललंय?" विभागप्रमुख पुढे झाले. घामाघूम झाले होते, तरी दात दाखवत होते. "खाऊ द्या की त्यांना! एवढ्या प्रेमाने खातायत."

खाऊ द्या म्हणे. हे ऐकलं आणि तिच्या डोक्याची शीर तडकली. पैसा गेला, वाफा गेला, नोकरी गेली. जाऊ दे मसणात. तिने बाईंच्या हातातून शेंग काढून घेतली आणि विभागप्रमुखांच्या पुढ्यात धरली.

"मग आधी तुम्ही खा, सर."

विभागप्रमुखांनी शेंगेकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. हात काही पुढे केला नाही.

"मला मटार चालत नाहीत," ते म्हणाले. "डॉक्टरांनी बंद केलेत."

अध्यक्षबाईंनी आपली बोटं नाकाशी नेली, हुंगली. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"कालपासून," ती म्हणाली.