उन्हाकडची बाजू

गार्डने ज्या पॅसेंजरवर उभी हयात घालवली, ती बंद पडल्यावर त्याने घरच्या टेबलावर तिची नक्कल जीव ओतून उभी केली. डब्यांचा क्रम तोच, रंग तोच, खिडक्यांच्या लाकडी झडपाही तशाच. सगळ्या झडपा वर करून त्याने गोंदाने पक्क्या चिकटवल्या होत्या. बायकोला तो त्या गाडीवरची धूळसुद्धा पुसू देत नसे.

दुपारी टेबलावर ऊन आलं, तेव्हा उन्हाकडच्या साऱ्या झडपा खाली ओढलेल्या होत्या.

"अगं, माझ्या गाडीला हात लावलास?"

"मला काय हौस आलीय?" शिवणावरून मान वर न करता बायको म्हणाली. "ऊन लागत असेल त्यांना."

त्याला हसू येता येता राहिलं. त्यांची लेक याच गाडीच्या तिसऱ्या डब्यात बसून निघाली होती. हिरवा बावटा त्यानेच दाखवला होता. गाडी शेवटच्या स्टेशनात पोहोचली, लेक पोहोचली नाही.

त्याने तिसऱ्या डब्याची एक झडप नखाने उचलली. आतून कुणी झोपेत ओढावी तशी ती हळूच पुन्हा खाली आली.

"अहो, राहू द्या ना." बायको कधी जवळ येऊन उभी राहिली, त्याला कळलंच नव्हतं. "झोपलीय ती."

तेवढ्यात सूर्य ढगाआड गेला आणि टेबलावरचं ऊन विझलं.

इंजिनामागच्या डब्याची पहिली झडप वर गेली. मग तिच्या शेजारची. मग त्याच्या मागच्या डब्यातली एकेक.

बायकोने त्याचा हात घट्ट धरला. दुसऱ्या डब्याची शेवटची झडप वर गेली.