जास्तीचं चाक

नांदुऱ्यात सायकल दुरुस्तीचं दुकान असलेले वामनराव लेकीच्या रेसिंग सायकलच्या रिमवर सोल्युशनचा दुसरा हात देत होते. छकुली म्हणाली, "बाबा, आता हा चिकटवाचा टायर नको. क्लिंचरची, साधी ट्यूबवाली चाकं लावा."

"काऊन? चिकटवलेला हलका राह्यते. पळते बी जोरात."

"पन पंक्चर झाला का रस्त्यावर निघत नाही. रोज सकायी तुमाले जास्तीचं चाक घेऊन माह्या मांगं पार वडनेरलोक स्कूटीवर या लागते. क्लिंचरची ट्यूब मी एकलीच बदलून घेईन, पाच मिनिटांत."

वामनरावांनी ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.

"अन् मंग मी मांगं कायच्यासाठी येऊ?"